दार ओढून घेतलं की देव आतच राहतो

प्रश्न : रोज पहाटे अर्धा तास मी शांत बसून प्रार्थना करते. तेवढा वेळ मन भरून येतं. पण दार ओढून कामाला निघाले की देव जणू आतच राहतो. दिवसभर फोन, हिशेब, साहेबांची बोलणी. त्याची आठवणसुद्धा येत नाही. रात्री अंथरुणावर फार अपराधी वाटतं. हे पत्रही जेवणाच्या सुट्टीत, कामाच्या टेबलावरच लिहिते आहे. देव सतत जवळ आहे हे जाणवायला काय करावं?
– एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं, रागावू नका. आठवणसुद्धा येत नाही, हे तुम्ही कामाच्या टेबलावर बसून लिहिलंत. मग हे पत्र कुणाच्या आठवणीने लिहिलंत?

मी नर्स होते, निम्मी नोकरी रात्रपाळीत गेली. आज वॉर्डात सतत नामस्मरण करायचं, असं मीही ठरवायचे. दोन घंट्या वाजल्या की सगळं विरून जायचं. एकदा तर नाम घेत घेतच सलाइन लावायला गेले आणि शीर चुकली. सुई पुन्हा टोचावी लागली. त्या आजी काही बोलल्या नाहीत, मलाच ते लागलं. सुई हातात असताना लक्ष शिरेवरच हवं, आणि त्याला देवाचा विसर म्हणायचं नाही. तुम्ही हिशेबात बुडालेल्या असता तेव्हाही तेच. (यावरून काही भाविक मंडळींशी माझं अजून वाजतं.)

मग मला एक फट सापडली. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुवावे लागतात. साबणाने नीट धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद जातात. नळाखाली हात धरून पुढच्या खाटेवरच्या माणसाचं नाव मनात आणायचं आणि म्हणायचं, 'तू तिथे आधीच आहेस.' एवढंच. खोटं कशाला सांगू, बहुतेक वेळा नुसते हातच धुतले जायचे. पण एखाद्या रात्री खरंच वाटायचं, की त्या खाटेपाशी माझ्याआधी कुणीतरी खुर्ची ओढून बसलंय.

तुम्हीही रोज आपसूक घडणारं एखादं काम निवडा. फोन उचलण्याआधीचा श्वास, जिना, संगणक सुरू होईपर्यंतचा वेळ, काहीही. पण एकच. पाच निवडलीत तर आठवड्यात पाचही सुटतील.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधक होता. आधी सैनिक, पायाने अधू. त्याला स्वयंपाकघर दिलं, आणि त्या कामाचा तर त्याला मुळातच तिटकारा. तिथे त्याने पंधरा वर्षं काढली. मठासाठी द्राक्षारस आणायला पाठवलं, तेव्हा पाय चालेनात म्हणून हा बोटीतल्या पिंपांवरून घरंगळत इकडून तिकडे जायचा. भांड्यांच्या गोंगाटातही त्याला प्रार्थनेइतकीच शांती लाभायची, एवढंच सगळे सांगतात. पण पहिली दहा वर्षं आपण फार सोसलं, असंही त्याने पत्रात लिहून ठेवलंय. मन भटकलं की स्वतःवर न चिडता त्याला हळूच परत आणायचं, हा त्याचा शिरस्ता. दहा वर्षं! मला त्याच्या शांतीपेक्षा या आकड्याने जास्त धीर दिला.

पहाटे मन भरून येतं ते छानच आहे. मात्र त्या मापाने दुपार मोजू नका. दुपारी देव असा भरून येत नाही. तो कधी जिभेवर आलेलं कडू उत्तर मागे राहतं त्यात असतो, कधी कुणी न मागता आपलं काम हलकं केलं त्यात. आणि ते तेव्हा कळतच नाही, मागाहून कळतं.

म्हणून रात्रीची ती अपराधी घटका दुसऱ्या कामाला लावा. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संताने दिवस तपासायची एक रीत घालून दिली आहे. तिची सुरुवात चुकांपासून नाही, आभारांपासून होते; मग उठल्यापासूनचा दिवस तासातासाने नजरेखालून घालायचा. मध्येच झोप लागली तर लागू द्या. मी अजून निम्म्या वेळा दुपारपर्यंतच पोचते.