बरणी एकच, खाणारे तीन

एप्रिलचा दुसरा आठवडा, नाशिकचं ऊन. बाई आल्या, खुर्चीत टेकल्या, पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "आधी हे बघा मॅडम, मग बोलू."

डब्यात बदाम होते. झाकण उघडताच व्हिनेगरचा वास आला. साली सुरकुतलेल्या, काही टोकाशी सुटून आलेल्या.

मी आठवड्यातून दोन दिवस किडनीच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलायला बसते. रुग्णापेक्षा त्याचं घर सांभाळणारं माणूस जास्त थकलेलं असतं, हा रोजचा अनुभव. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, म्हणून मीही त्यांना बाईच म्हणते. त्यांना विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. काकांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, चार वर्षं डायलिसिस चाललं होतं. मग किडनी बदलली, त्याला पाच महिने झाले होते.

प्रश्न थेट होता. दाणे, बदाम, काजू यांतून साल्मोनेला, म्हणजे ताप-जुलाब आणणाऱ्या जंतूचा आजार, होतो म्हणतात ते खरं का? खरं असेल तर ह्यांना द्यायचे की नाही? हाच प्रश्न मला गरोदर मुली विचारतात, केमो चालू असलेल्यांच्या घरचे विचारतात, आणि ज्यांना काहीच झालेलं नाही अशी माणसंही विचारतात.

आमच्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. डायलिसिसवर असताना फॉस्फरस आणि पोटॅशियममुळे शेंगदाणे, सुकामेवा जवळजवळ बंदच असतो. काका जातीचे खवय्ये. साबुदाण्याची खिचडी बिनकुटाची, कोशिंबीर बिनकुटाची, अशी चार वर्षं काढलेली. नव्या किडनीचे रिपोर्ट स्थिरावल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, "भाजलेले दाणे, थोडे बदाम चालतील." काका त्या दिवशी दवाखान्यातच रडले म्हणे. आणि घरी बाईंनी नकार दिला.

सरसकट नकारही नव्हता. बाई बदाम, काजू, दाणे आणायच्या, मीठ-व्हिनेगरच्या पाण्यात धुवायच्या, मलमलच्या पंच्यावर पसरून रात्रभर पंख्याखाली वाळवायच्या, आणि सकाळी मन धजावलं नाही की कचऱ्यात टाकायच्या. महिन्यात तीन वेळा. मुलगा वैतागला आणि त्यानेच त्यांना माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत मी चूक केली. म्हटलं, "बाई, आपण लहानपणापासून खिशातून दाणे काढून खातोय. काही झालं का?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे माझ्या नणंदेनंही सांगितलं. तिनं फुकट सांगितलं."

बरोबर बोलल्या. माझ्या खिशातले दाणे आणि काकांचं पोट यांचा संबंध काय? प्रत्यारोपित किडनी शरीराने नाकारू नये म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती. पहिले सहा महिने तर जास्तच जपायचे. घाबरलेल्या माणसाला "काही होत नाही" म्हणणं सोपं असतं, पण भीतीत तथ्य असेल तर आपल्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

पुढच्या भेटीला मी तयारी करून बसले. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंना आणि प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. बाईंनी मोबाइलवर एक बातमी वाचली होती. अमेरिकेत दाण्याच्या बटरने माणसं मेली. मी म्हटलं, "खरी आहे." २००८-०९ सालची गोष्ट. पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या मालातून ४६ राज्यांत ७१४ जण आजारी पडल्याची नोंद झाली, ९ जण गेले. २०१५ साली कंपनीच्या प्रमुखाला २८ वर्षांची शिक्षा झाली.

बाईंच्या चेहऱ्यावर "बघा!" असं उमटलं.

"पण बाई, ते दाणे कच्चे होते का?"

त्या थांबल्या. दाणे भाजलेलेच होते. घात झाला तो भाजल्यानंतर. छत गळत होतं, उंदीर होते, कच्चा माल आणि भाजलेला माल नीट वेगळा ठेवलेला नव्हता. तपासणीत जंतू सापडूनही माल बाहेर गेला. म्हणजे दाणा भाजला की काम संपलं असं नसतं. भाजल्यावर तो कुठे पडला, त्याला ओल लागली का, हेही विचारायचं असतं. शाळेत शिकवलेल्या बाई, त्यांनी लगेच वही काढली.

मग बदाम. २०००-०१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कच्च्या बदामांमुळे कॅनडा आणि अमेरिकेत १६८ जणांना साल्मोनेला झाल्याचं तपासणीतून सिद्ध झालं, २००३-०४ मध्ये पुन्हा तसंच घडलं. त्यानंतर सप्टेंबर २००७ पासून तिथे बदामावर जंतू मारण्याची प्रक्रिया सक्तीची झाली. गंमत अशी की ही सक्ती अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत विकल्या जाणाऱ्या मालाला आहे. आपल्याकडे कॅलिफोर्नियाचा बदाम बराचसा कवचासकट येतो आणि इथे फुटतो. "कॅलिफोर्निया" असं पाटीवर लिहिलंय म्हणून तो प्रक्रिया केलेला, असं धरून चालू नये. मामरा किंवा गुरबंदी जातीचा बदाम घेतला तरी तेच.

हे ऐकून बाई आणखी घाबरतील असं मला वाटलं होतं. उलट त्या सैलावल्या. कुणीतरी खरं बोलत होतं.

मग आकडा. सक्ती येण्याआधी, २००१ ते २००५ या काळात, कॅलिफोर्नियात कच्च्या बदामाचे ९ हजारांवर नमुने तपासले होते. ८१ नमुन्यांत साल्मोनेला सापडला. शंभरात एकही पूर्ण भरत नाही. आणि ज्यांत होता त्यांतही शंभर ग्रॅममागे एक ते तीन जंतू, इतकेच. निरोगी माणसाच्या दृष्टीने ही फार छोटी गोष्ट. शून्य मात्र नाही, कारण तेलकट पदार्थातला जंतू पोटातल्या आम्लातून निसटू शकतो आणि थोड्या जंतूंनीही आजार झाल्याची उदाहरणं आहेत. हा आकडा नाशिकच्या दुकानातल्या बरणीला जसाच्या तसा लावू नका, हेही मी सांगितलं.

बाईंनी डबा याही भेटीला आणला होता, तो टेबलावरच होता. मी म्हटलं, "एक बदाम मोडून बघा."

त्यांनी अंगठ्याने दाबला. तो वाकला. मी माझ्या ड्रॉवरमधला एक दिला, तो कट्कन मोडला.

सगळं तिथेच होतं. कोरड्या दाण्यात साल्मोनेला मरत नाही. महिनोन्महिने, थंडीत ठेवला तर वर्षभरसुद्धा, पडून राहतो. पण वाढत नाही, कारण वाढायला त्याला पाणी लागतं आणि कोरड्या बदामात ते नसतं. बाई दर वेळी नेमकं तेच पुरवत होत्या. मीठ-व्हिनेगरने जंतू सगळे जात नाहीत, वर ओले बदाम एप्रिलच्या रात्री आठ-दहा तास उबेत. एका बदामावर असलाच तर त्याच पाण्यातून बाकीच्यांना. ज्या भीतीपायी धुवायचं, तिलाच खतपाणी.

हे मी त्यांना त्या वेळी अगदी सावकाश सांगितलं. अशा क्षणी माणूस स्वतःला दोष देऊ लागतं, आणि त्यांनी दिलाच. "म्हणजे मीच..." म्हणाल्या आणि गप्प झाल्या. मग हळूच, "मॅडम, त्यांच्या पोटात माझी किडनी आहे."

फाइलमध्ये ते लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. पण तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं की या बाई बदाम धूत नव्हत्या, स्वतःचा अवयव राखत होत्या. पुढची अर्धी भेट बदामाचा विषय निघालाच नाही.

तिसऱ्या भेटीला काकाही आले. मी दोघांना विचारलं, घरात या बरणीतून खातं कोण कोण? तिघं. काका, बाई आणि तीन वर्षांचा नातू. मग प्रत्येकाचा धोका वेगळा काढला.

बाईंना एकच किडनी, पण प्रतिकारशक्ती शाबूत. त्यांनी भाजलेले, कोरडे दाणे निर्धास्त खावेत. जुलाब झालेच तर अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, एवढंच. नातवाबद्दल मी विचारलं, "त्याला काय देता?" बाई म्हणाल्या, "खारे दाणे. मूठभर. भाजलेलेच असतात ना!" पाच वर्षांखालच्या मुलाला साल्मोनेलाही जास्त त्रास देतो, पण तीन वर्षांच्या पोराला अख्खा दाणा देण्यातला मोठा धोका तो श्वासनलिकेत अडकण्याचा. ज्या घरात बदाम व्हिनेगरने धुतले जात होते त्याच घरात पोरगं धावता धावता दाणे खात होतं. त्याला कूट द्या, लाडू द्या, अख्खा दाणा चार-पाच वर्षांचा होईपर्यंत नको.

काकांसाठी मात्र मी स्वतः काही ठरवलं नाही. डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञ बाईंनी जे लिहून दिलं तेच तिघांनी मिळून वाचलं. सुटे कच्चे बदाम-काजू नकोत. काजू "कच्चा" म्हणून विकतात, पण फोडण्याआधी त्याला वाफ किंवा आच दिलेली असते. तरी नंतर तो अनेक हातांतून जातो, म्हणून काकांना भाजलेलाच. दाणे घरी कढईत मंद आचेवर, मधला दाणा मोडून बघितला तर आतून रंग बदललेला दिसेपर्यंत. भिजवलेल्या बदामाची सवय असेल तर रात्रभर ओट्यावर नाही. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवायचे, साल काढायची, लगेच खायचे. कॅलिफोर्नियाच्या कारखान्यांत ८८ अंशांच्या पाण्यात साधारण दोन मिनिटं ही मान्य पद्धत आहे, त्याचंच हे घरगुती रूप. ओल्या उष्णतेने जंतू कोरड्या उष्णतेपेक्षा लवकर मरतात. (निरोगी माणसाने भिजवायचेच असतील तर फ्रीजमध्ये भिजवावेत. आई-आजींच्या स्वयंपाकघरात फ्रीज नव्हता हे खरं, पण त्या वेळचं कोण कशाने आजारी पडलं ते कुणी लिहूनही ठेवलेलं नाही.)

काकांनी वाचून झाल्यावर विचारलं, "कूट?" कूट चालेल. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्यावर कोरड्या मिक्सरमध्ये, कोरड्या डब्यात, कोरडा चमचा. कच्च्या दाण्यांची पिशवी आणि भाजलेल्यांचं ताट वेगळं. जे सूप कच्चे पाखडायला घेतलं तेच भाजलेल्यांना नको. कोशिंबिरीत कूट गेलं की ते ओलं झालं, ती त्याच जेवणात संपवायची. उकडलेल्या शेंगा गरम गरम खाव्यात, संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवू नयेत.

बाईंनी खवट दाण्याचं विचारलं, ते वेगळं प्रकरण. खवटपणा म्हणजे तेल जुनं झालेलं. काळपट, सुरकुतलेला, बुरसट किंवा कडू दाणा म्हणजे बुरशीची शंका, आणि बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून पूर्ण जात नाही. तो निवडून टाकायचा, चव बघत बसायचं नाही. यातलं काहीच जंतूचं नाही. बाईंच्या मनात हे सगळं एकाच पिशवीत भरलेलं होतं.

आणि ताप आला, जुलाब झाले तर? साल्मोनेलाची लक्षणं खाल्ल्यावर ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात, त्यामुळे काल काय खाल्लं एवढंच आठवून उपयोग नाही. काकांच्या बाबतीत त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या टीमला फोन. जुलाबात टॅक्रोलिमसची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची, रक्तातली पातळी वाढू शकते, म्हणून मनाने जुलाब थांबवण्याची गोळी नाही, अँटिबायोटिक नाही, आणि नेहमीची औषधं बंद तर अजिबात नाही.

माझं खरं काम यानंतरचं. बाईंना "शंभर टक्के" हवं होतं आणि ते कुणाकडेच नव्हतं. डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच. आम्ही ठरवलं की दाणे एकदा भाजून डब्यात भरले की पुन्हा वास घेऊन बघायचा नाही, नेटवर शोधायचं नाही, मुलाला विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात काकांसमोर पाच दाणे ठेवायचे आणि तिथेच बसायचं. बाईंचे हात ओले झाले, छाती धडधडली, वीस मिनिटांनी ओसरली. काकांनी पाचवा दाणा शेवटपर्यंत हातात धरून ठेवला होता. म्हणाले, "हिला बरं वाटू दे, मग खातो." मला वाटतं त्या आठवड्यातला सगळ्यात जास्त उपचार तोच.

बाई सगळ्या बऱ्या झाल्या असं नाही. त्या अजूनही भाजीवाल्याकडे मेथी घेताना दोनदा विचार करतात.

जुलैत त्यांचा फोन आला. एका लग्नात जेवून आल्यावर काकांना जुलाब सुरू झाले होते, ताप नव्हता. टीमला लगेच फोन केला, रक्त तपासलं, टॅक्रोलिमस थोडं वाढलेलं होतं, डोस बदलला, दोन दिवसांत बरे झाले.

"आणि दाण्यांचा डबा?" मी विचारलं.

"टाकला नाही," बाई म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "चमचा मात्र बदलला."