कोच लावायचा, पण पारखायचा कसा?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नागपूरला मनीष नगरात राहतो, मिहानमधल्या एका कंपनीत आहे, वय ३४. मागच्या वर्षी टीम लीड झालो अन् तेव्हापासून सगळं गडबडून राहिलंय, कोणाला काम सांगायला जमत नाही, शेवटी रात्री मीच लॅपटॉप उघडून बसतो. परवा वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात फ्री सेमिनार होता, तिथले लाइफ कोच बोलतात एकदम भारी, पण शेवटी ८५ हजारांचं पॅकेज काढलं, आजच्या आज भरलं तर ४५, ईएमआयची पण सोय. मित्र म्हणतो भरून टाक, बायको म्हणते एवढ्यात पोरीची शाळेची फी होते. काय करू? चांगला कोच ओळखायचा कसा?

उत्तर : भाऊ, सध्या तरी वहिनींचं ऐका. ‘आजच्या आज’ हे बर्डीच्या बाजारातल्या सेलमध्ये ठीक आहे, इथं नाही. तुमची अडचण पुढच्या महिन्यातही हीच असणार आहे ना, मग रेट का बदलतो? हॉलच्या मागे कार्ड स्वाइप करायची मशीन घेऊन पोरं उभी असली की मी तर सरळ चप्पल शोधते.

आता कोचचं. आपल्याकडे लाइफ कोच म्हणवून घ्यायला कोणतंही लायसन लागत नाही, उद्या मी पण बोर्ड लावू शकते. त्यामुळे सर्टिफिकेट कोणाचं ते विचारायचंच. आयसीएफ म्हणून कोचेसची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, १९९५ पासूनची, तिच्या तीन पायऱ्या आहेत : एसीसीसाठी किमान ६० तासांचं शिक्षण अन् १०० तास कोचिंग केलेलं लागतं, पीसीसीला १२५ अन् ५००, एमसीसीला २०० अन् २,५००. त्यांच्या साइटवर नाव टाकून बघता येतं, तेव्हा भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका, दोन दिवसांच्या वर्कशॉपचीही फ्रेम होते. पण पीसीसीवाला आहे म्हणून तुमचं त्याच्याशी जमेलच असंही नाही, उलट बिनासर्टिफिकेटचा, वीस वर्षं माणसं सांभाळलेला एखादा चांगला निघू शकतो.

मग पारखायचं कशावरून? पहिल्या भेटीत कोण जास्त बोलतं यावरून. बरेच कोच पहिला अर्धा तास पैसे घेत नाहीत, अशा दोन-तीन जणांना भेटा अन् सगळ्यांना एकच गोष्ट सांगा, खरी घडलेली. समजा, एक ज्युनियर दर वेळी रिपोर्ट उशिरा देतो अन् तुम्हीच तो पूर्ण करता. आता समोरचा जर म्हणाला की सर माइंडसेट बदलावा लागेल, मी पण असाच होतो, माझ्याकडं तेव्हा काहीच नव्हतं, आज बघा... तर चहा प्या अन् निघा. पण त्यानं विचारलं की मागच्या वेळी त्याला नेमक्या काय शब्दांत सांगितलं होतं, तारीख दिली होती का, तुम्ही रात्री बसून पूर्ण केलं हे त्याला कळलं तरी का, अन् तुम्हाला उत्तर द्यायला जरा थांबावं लागलं, तर हा माणूस कामाचा आहे. सल्ला द्यायला काका-मामा आहेतच की बाप्पा, कोचचं काम तुमच्याकडून तुमचंच उत्तर काढून घ्यायचं.

पैसे सेशनप्रमाणे द्या, आधी तीन-चारच ठरवा. किती वेळ, किती फी, मधेच सोडलं तर काय, बोलणं कोणाला सांगणार नाही ना, हे सगळं लेखी घ्या, चांगला कोच स्वतःच कागद पुढं करतो. प्रमोशन नाहीतर पगारवाढीची गॅरंटी देणारा असेल तर नकोच.

अन् हो, एचआरला विचारलं का? काही कंपन्या लीड झालेल्यांच्या कोचिंगचा खर्च करतात. फक्त कंपनी पैसे देत असेल तर कोच त्यांना काय काय सांगणार ते आधी क्लिअर करून घ्या, नाहीतर तुम्ही मन मोकळं करायचं अन् ते अप्रेझलला निघायचं. माझं मत विचाराल तर त्याच्याही आधी तुमच्याच कंपनीतला एखादा जुना लीड गाठा, काम वाटून कसं द्यायचं हे तो दोन-चार वेळच्या चहात दाखवून देईल. तेवढ्यावर भागलं तर कोच लागणारही नाही.

प्रश्न : मी महालात राहते, शाळेत शिकवते. दोन महिने झाले रात्री झोप नाही, कशातच मन लागत नाही, विनाकारण रडू येतं. मैत्रीण म्हणते लाइफ कोच लाव. लावू का?

उत्तर : नको ताई, हे कोचचं काम नाही. आधी डॉक्टरांना दाखवा. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, तिथं जा, नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना हेच सगळं जसंच्या तसं सांगा. जायला संकोच वाटत असेल तर आज रात्रीच १४४१६ वर फोन लावा, टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास सुरू असते अन् मराठीत बोलता येतं. हे लिहायला दोन महिने गेले, फोन लावायला आता वेळ नका घालवू.