चवथीच्या सुट्ट्या आणि अडलेली विनंती

प्रश्न : आमच्या वाचनालयात ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणक-प्रणाली वापरतो. चवथीच्या सुट्ट्या दर वर्षी नव्यानं भराव्या लागतात. कोहाच्या बगझिलावर (चुका आणि मागण्या नोंदवायच्या वेबसाइटवर) विनंती टाकली : सुट्ट्या पंचांगाप्रमाणे आपोआप लागाव्यात, देवघेवीची चिठ्ठी मराठीत निघावी, सूचना सभासदाच्या भाषेत जाव्यात. आठ महिने झाले, उत्तर नाही.
– ग्रंथपाल, डिचोली

उत्तर : एका नोंदीत तीन मागण्या घातल्यात, म्हणून ती कुणी हातात घेत नाही. तिथं एका क्रमांकाखाली एकच काम चालतं. शिवाय चिठ्ठीचा मजकूर कोहाच्या ‘नोटिसेस अँड स्लिप्स’ या भागात तुम्हालाच बदलता येतो, आणि ‘ट्रान्सलेटनोटिसेस’ हे सेटिंग चालू केलं की सूचना भाषेनुसार लिहिता येतात. फक्त ती भाषा कोहात बसवलेली हवी. या दोन्ही मागण्या काढून टाका.

उरली सुट्टी. ही मागणी खरी आहे. आधी तशी जुनी नोंद आहे का ते शोधा. असली तर तिच्यातच लिहा. नसली तर नवी करा : विभाग ‘टूल्स’, गांभीर्य ‘एन्हान्समेंट’ (सुधारणा). मजकुरात उपाय नंतर, अडचण आधी. कोहा मूळचं न्यूझीलंडचं, लिहिणारे जगभरचे. चवथ तिथीवर असते हे त्यांना ठाऊक असेलच असं नाही. म्हणून तारखाच द्या : 2023 साली 19 सप्टेंबर, 2024 ला 7 सप्टेंबर, 2025 ला 27 ऑगस्ट. दर वर्षी त्याच तारखेला येणारी सुट्टी कोहाला कळते, ही कळत नाही. भरायची राहिली तर परतीची तारीख बंद दिवशी पडते. पंचांगाचं गणित मागू नका, ते कायमचं सांभाळायला कुणी धजणार नाही. तारखांची सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) चढवता यावी, एवढंच मागा. स्क्रीनचं चित्र जोडताना सभासदांची नावं झाका.

पॅच, म्हणजे प्रोग्राममधला बदल, आला की खरं काम तुमचं. त्याची स्थिती ‘नीड्स साइनऑफ’ (कुणीतरी तपासून मान्यता देणं बाकी) असते आणि लिहिणाऱ्याला स्वतःच्या पॅचवर साइनऑफ देता येत नाही. कितीतरी चांगले पॅच इथंच पडून राहतात. प्रोग्रामिंग येत नसलं तरी ब्राउझरमधल्या सँडबॉक्समध्ये (चाचणीपुरत्या वेगळ्या कोहात) तो चढवा, सोबतच्या चाचणी-पायऱ्या एकेक करून पाहा, कुठं चुकलं तर पायरीसकट लिहा. बरोबर चाललं तर साइनऑफ द्या. त्यानंतर क्यूएची, म्हणजे गुणवत्तेची, तपासणी होते. नव्या सोयी मे आणि नोव्हेंबरच्या आवृत्तीत येतात, तेव्हा तुमची आवृत्तीही वाढवावी लागेल.