पत्ता डॅलसचा, काउंटी भलतीच

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची नोकरी गेली, महिनाअखेरीला इन्शुरन्स संपतोय, तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि कोणीतरी सांगितलंय, "पार्कलंडला जा, तिथे सवलत मिळते." (पार्कलंड म्हणजे डॅलस काउंटीचं सरकारी हॉस्पिटल.) राहता टेक्ससमध्ये, उत्तर डॅलसला. वाचलं आणि आमचं 2017 साल डोळ्यांसमोर उभं राहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय. मी वकील नाही, इन्शुरन्समधलीही नाही. नियम बदलतात, तेव्हा प्रत्येक गोष्ट स्वतः विचारून खात्री करा.

सगळ्यात आधी घर कुठल्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे ते बघा. पत्त्यात डॅलस आहे म्हणून विसंबू नका. डॅलस शहराचा काही भाग कॉलिन आणि डेंटन काउंटीत येतो. पार्कलंडला डॅलस काउंटीच्या मालमत्ता करातून पैसा मिळतो, म्हणून तिथली आर्थिक सवलत त्याच काउंटीच्या रहिवाशांसाठी आहे. झिप कोडचाही भरवसा नाही, एकच झिप दोन काउंट्यांत विभागलेला असू शकतो. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (मालमत्ता करासाठी घरांची किंमत ठरवणारं कार्यालय) वेबसाइटवर अपार्टमेंटचा पत्ता टाका. भाड्याने राहत असलात तरी त्या इमारतीचा कर कुठे जातो ते कळतं.

आम्ही हे बघितलंच नाही. नवऱ्याला हर्नियाचा त्रास होता. एका खासगी हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसातल्या बाईंनी लायसन्स पाहिलं आणि म्हणाल्या, "डॅलस ना? मग काउंटीची मदत मिळेल. कोब्रासाठी एवढे पैसे कशाला भरता?" (कोब्रा म्हणजे नोकरी गेल्यावर कंपनीचाच आरोग्य विमा स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवायची सोय.) आम्ही विश्वास ठेवला. भाडेकरार, लाइट बिल, बँकेची स्टेटमेंट्स, सगळं त्यांच्याकडे नेऊन दिलं. दर वेळी एक कागद कमी निघायचा आणि पुन्हा खेप. सत्तराव्या दिवशी उत्तर आलं: तुम्ही कॉलिन काउंटीत राहता, अर्ज नामंजूर. नामंजूर करणाऱ्यांची काहीच चूक नव्हती. पण पत्ता त्या बिलिंग ऑफिसात पहिल्या दिवसापासून समोर होता, आणि कोणी नकाशा उघडून बघितला नाही. याचा राग मला अजूनही येतो.

खरं नुकसान झालं ते कोब्राचं. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला 60 दिवस मिळतात (नोटीस आणि इन्शुरन्स संपणं, यातली जी तारीख नंतरची तिच्यापासून), आणि घेतला की तो मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणजे थांबून बघता आलं असतं, गरज पडली तर 59व्या दिवशीही सही करता आली असती. आमचे ते दिवस कागद गोळा करण्यात गेले. पुढच्याच आठवड्यात नवऱ्याला इमर्जन्सीत न्यावं लागलं. तुम्ही नोटिशीवरची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. मार्केटप्लेसमधून (स्वतः आरोग्य विमा घ्यायची सरकारी सोय) प्लॅन घ्यायचा असेल तर तिथेही मुदत 60 दिवसांचीच आहे.

आपल्या डोक्यात काउंटी म्हणजे जिल्हा आणि काउंटी हॉस्पिटल म्हणजे सिव्हिल. नाशिकच्या सिव्हिलमध्ये धुळ्याचा पेशंट आला तर त्याला परत पाठवत नाहीत. टेक्ससच्या 254 काउंट्यांत तसं नाही. डॅलस, हॅरिस, टॅरंट, बेक्सार यांची स्वतःची हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट्स (करातून सरकारी हॉस्पिटल चालवणाऱ्या संस्था) आहेत, कॉलिनला नाही. डिस्ट्रिक्ट नसलेल्या अशा काउंट्यांना 1985च्या कायद्याने गरिबांसाठी योजना चालवावी लागते, पण त्यासाठी उत्पन्नाची कमाल मर्यादा दारिद्र्यरेषेच्या फक्त 21 टक्के ठेवली तरी चालते. काही काउंट्या ती वाढवतात, तरी माझ्या मते नोकरदार कुटुंबाने तिच्यावर आशा ठेवू नये.

कॉलिन निघाली तर? जिथे ऑपरेशन ठरलंय ते हॉस्पिटल ना-नफा आहे का विचारा. असेल तर त्यांना लेखी आर्थिक मदतीचं धोरण ठेवावंच लागतं. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून 240 दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. बिल आधी क्रेडिट कार्डावर टाकू नका, आम्ही ती चूक केली होती. ऑपरेशनआधी खर्चाचा लेखी अंदाज मागा. साध्या तपासण्यांसाठी उत्पन्नानुसार फी घेणारी कम्युनिटी हेल्थ सेंटर्स आहेत, तिथे काउंटी सहसा आड येत नाही.

पोटात असह्य दुखलं, ताप आला, तर मात्र यातलं काहीही बघू नका, जवळच्या इमर्जन्सीत जा. 1986च्या कायद्याने त्यांना तपासून स्थिती स्थिर करावीच लागते, इन्शुरन्स नसला तरी. बिल येईल, ते नंतर बघता येतं. व्हिसावर काय परिणाम होईल ते मात्र इमिग्रेशन वकिलालाच विचारा, इथल्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

पत्त्याचा पुरावा म्हणून लीजवर तुमचंही नाव आहे ना ते बघून घ्या. आमच्या लीजवर फक्त नवऱ्याचं होतं, माझ्या वेळी त्यावरून वेगळी धावपळ झाली. आणि काउंटी कळली की इथेच लिहा.