‘विकणे आहे’, ‘पाहिजे’ आणि ‘आभार’

मागच्या अंकात मी आयोवातल्या आमच्या गावच्या जुन्या साप्ताहिकावर लिहिलं होतं, त्यावर पत्रं आली. तो अंक हुकलेल्यांसाठी थोडक्यात: मी मूळची मिरजेची, १९७९ पासून या अमेरिकन खेड्यात राहते आणि दर बुधवारी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, वाचनालयात जुने अंक लावायचं बिनपगारी काम करते. सध्या टेबलावर १९४५ ते १९६० चे बांधीव गठ्ठे आहेत. संपादकांना वाटलं होतं, लोक शीतयुद्धाबद्दल विचारतील. विचारलंय ते मागल्या पानावरच्या छोट्या जाहिरातींबद्दल.

तुम्ही उतरवून दिलेल्या कालवडीच्या जाहिरातीत नाव नाही, पत्ता नाही, फक्त ‘फोन १४ एफ २१’. हा कसला नंबर?
— निवृत्त टेलिफोन कर्मचारी, बार्शी

तुम्हीच हे विचारलंत याचा आनंद झाला. १४ म्हणजे चौदा नंबरची तार. त्या एका तारेवर आठ-दहा शेतघरं लटकलेली. २१ म्हणजे एकवीस नव्हे. दोन लांब घंटा आणि एक आखूड. घंटा वाजायची सगळ्यांकडे, पण ती खूण ज्याची त्यानं फोन उचलायचा. बाकीच्यांनी उचलायचा नाही, असा नियम होता. पाळत कोणीच नसे. त्या चोरून ऐकण्याला इथे ‘रबरिंग’ म्हणत, मान रबरासारखी लांब करणं. गंमत म्हणजे जितके जास्त लोक रिसीव्हर उचलत, तितका आवाज बारीक होत जाई. म्हणजे कालवडीचा भाव सांगता सांगताच विकणाऱ्याला कळे, की आज बरीच मंडळी हजर आहेत.

तरी हे फोन असलेल्यांचं झालं. १९५० च्या शेतीगणनेत अमेरिकेतल्या दहांपैकी चारांपेक्षाही कमी शेतघरांत फोन होता (आयोवात मात्र बराच जास्त प्रसार होता). खेड्यांतल्या फोनसाठी सरकारी कर्ज मिळायला लागलं ते १९४९ मध्ये खेड्यांत वीज नेण्याच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर. फोन नसेल तर जाहिरातीत लिहीत, ‘गावापासून ३ मैल पश्चिमेला, दीड मैल उत्तरेला’. तेवढं पुरे. इथली जमीन मैलामैलाच्या चौकोनांत मोजलेली आहे, रस्ते त्याच रेघांवरून जातात. आणि तिथे पोचल्यावर चुकीच्या घरी गेलात, तरी त्या घरातली बाई सांगणारच, की कालवड विकणारे ते पलीकडचे, पण तिचा मागचा पाय आधी बघून घ्या.

जाहिरातीला किती पैसे पडत? वसुली कशी करत? आमचा तोच धंदा, म्हणून विचारतो.
— छापखान्याचे मालक, वाई

माझ्यासमोरच्या अंकांत शब्दाला दोन-तीन सेंट आणि कमीत कमी ३५ सेंटच्या आसपास, असा दर दिसतो. १९५० पर्यंत देशाचं किमान वेतन तासाला ४० सेंट होतं. म्हणजे तासाभराच्या मजुरीत जाहिरात बसत होती. ‘पैसे आगाऊ’ असं प्रत्येक अंकात छापलेलं असे. कारण तुम्हाला सांगायला नको: ३५ सेंटचं बिल पाठवायला ३ सेंटचं तिकीट, लिफाफा आणि खातं लिहिणाऱ्याचा वेळ.

पण आता जे सांगते ते बघा. प्रत्येक जाहिरातीच्या शेवटी बारीक टाइपात एक खूण असते: ‘३१-२टीपी’. पहिले दोन-तीन महिने मी ती छपाईची चूक समजत होते. ३१ म्हणजे त्या वर्षीच्या ३१ व्या अंकापासून सुरू, २टी म्हणजे दोनदा छापायची, आणि पी म्हणजे ‘पेड’, पैसे आलेले. पीच्या जागी सी असेल तर उधारी. ‘टीएफ’ असेल तर ‘थांबवा म्हणेपर्यंत चालू द्या’. लायनोटाइप या अक्षरजुळणीच्या यंत्रावर ओळच्या ओळ शिशात ओतलेली असायची. ती गॅलीत, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या तबकात, तशीच ठेवायची आणि खूण बघून पुढच्या आठवड्यात लावायची किंवा वितळवायची. ही खूण होती छापखान्यातल्या माणसासाठी. पण छापली जायची सगळ्यांसाठी! संपादक कोणाला उधार देतो आणि कोणाकडून आधी रोख घेतो, हे दर गुरुवारी अख्ख्या काउंटीला वाचायला मिळत होतं. त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचं एकही पत्र मला अजून सापडलेलं नाही.

आमच्याकडे सालगडी पाडव्याला ठरतो. तिकडे गडी जाहिरात देऊन कसा ठेवत? अनोळखी माणूस घरात?
— शेतकरी, निफाड

तुमचा पाडवा, तसा इथला १ मार्च. कुळांचे करार त्या दिवशी संपत आणि नवे सुरू होत. बिऱ्हाडं, गुरं, चुली, सगळं बर्फाळ चिखलातून एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाई. त्यामुळे गड्यांच्या जाहिराती जानेवारीपासूनच. नमुना साधारण असा: ‘शेतकामासाठी विवाहित माणूस पाहिजे. स्वतंत्र घर, वीज, दूध, अर्धं डुक्कर, भाजीपाल्यापुरती जागा. १ मार्चपासून.’ पगाराचा आकडा बहुतेक वेळा नाहीच. तो चालत्या ट्रॅक्टरशेजारी उभं राहून ठरायचा.

‘विवाहित’ हा शब्द मला फार दिवस खटकत होता. वाटलं, सचोटीची खात्री म्हणून असेल. थोडं तेही असेल. पण बायको आली की कोंबड्या, बाग, दुधाची भांडी, मळणीच्या दिवशीचा स्वयंपाक, सगळं आलं आणि तिचा पगार जाहिरातीत नव्हताच. गड्यालासुद्धा कायद्याचा आधार नव्हता. किमान वेतनाचा कायदा १९३८ चा, पण शेतमजूर त्यात आले १९६६ च्या दुरुस्तीनंतर, तेही फक्त मोठ्या शेतांवरचे.

घराचं वर्णन वाचायलाही शिकावं लागतं. ‘मॉडर्न’ म्हणजे नव्या धर्तीचं नव्हे. घरात नळ, संडास आणि वीज आहे एवढंच. एका जाहिरातीत ‘मॉडर्न एक्सेप्ट हीट’ असं आहे, म्हणजे बाकी सगळं आहे, घर गरम करायची सोय मात्र तुमची शेगडी. आयोवाच्या जानेवारीत!

अनोळखी माणूस घरात घेत होते का, तर जमेल तोवर नाही. जाहिरात एका ओळीत मावते, कारण बाकीचं गावाला आधीच ठाऊक असतं. हा मालक पैसे वेळेवर देतो का, त्याच्याकडे गडी दोन वर्षं का टिकत नाहीत, हे काहीच छापायची गरज नव्हती. जिथे ते ठाऊक नसेल, तिथे ‘या कार्यालयात चौकशी करावी’. मग संपादक, नाहीतर त्याची बायको, खिडकीतून माणूस बघून ठरवत असणार, पत्ता द्यायचा की नाही.

बायकांसाठी वेगळं सदर असायचं, ‘मदत पाहिजे, स्त्री’. घरकामाला मुलगी, टेलिफोन ऑपरेटर, हॉटेलात वाढपी. नोकरीच्या जाहिरातीत स्त्री-पुरुष भेद करायला १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने बंदी घातली. पण वर्तमानपत्रांनी ते वेगळे रकाने छापावेत की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात १९७३ मध्ये मिटला. आमच्या साप्ताहिकाने ते कधी बंद केले, ते गठ्ठे अजून माझ्यापर्यंत आलेले नाहीत.

फेब्रुवारीत ‘शेती सोडत आहे’ अशा मोठमोठ्या जाहिराती असतात, असं तुम्ही लिहिलंत. एवढी माणसं का सोडत होती?
— गृहिणी, लातूर

पुन्हा तोच १ मार्च. सोडायचं तर त्याआधी सामान विकलं पाहिजे. ही जाहिरात छोटी नसते, अर्धं पान खाते, आणि माझ्या मते या अंकांत वाचण्याजोगं सगळ्यात चांगलं लेखन तिथेच आहे. १९४८ च्या एका यादीतून निवडून देते: काम करणाऱ्या दोन घोड्या, वय ११ आणि १३, दोन जोड्यांचं सामान, मलई काढायचं यंत्र, गाद्या दोन, ३२ व्होल्टचा बॅटरी-संच, तेलाचे दिवे, एक पेटी कॅनिंगच्या बरण्या, ‘आणि इतर किरकोळ वस्तू, मोजायला खूप’. शेवटी: अटी रोख, हिशेब चुकता होईपर्यंत काही हलवू नये, अपघाताची जबाबदारी नाही, जेवण चर्चच्या महिला मंडळातर्फे.

आता हे जरा वाचा. तार नसलेल्या शेतावर घरची वीज देणारा ३२ व्होल्टचा संच विकायला निघाला, म्हणजे विजेची तार त्या रस्त्यावर पोचली. युद्ध संपलं तेव्हा देशातल्या निम्म्यासुद्धा शेतांवर वीज नव्हती. पुढच्या दहा वर्षांत नव्वद टक्क्यांच्या वर गेली. त्या काळात हे संच, तेलाचे दिवे आणि बर्फाच्या पेट्या इतक्या विकायला असतात, की घेत कोण होतं कळत नाही. घोड्या विकायला काढल्या, म्हणजे शेजाऱ्याकडे ट्रॅक्टर आला आणि कुळाची जमीनही त्याच्याकडे जाणार. १९५४ साली अमेरिकेच्या शेतांवर ट्रॅक्टरांची संख्या घोडे आणि खेचरांच्या बेरजेपेक्षा पहिल्यांदा जास्त झाली. त्याच पानावर खाली, कधी कधी बोटभर अंतरावर, दोन ओळींची दुसरी जाहिरात असते: ‘म्हातारे घोडे पाहिजेत. रोख.’ ते मिंक नावाच्या केसाळ प्राण्याचं खाद्य म्हणून जात. त्याच्या कातड्याचे कोट शहरातल्या बायका घालायच्या. ११ आणि १३ वर्षांच्या त्या घोड्या कोणी घेतल्या, ते छापलेलं नाही.

या जाहिरातींत फसवणूक होत नसे का?
— वकील, सातारा

होत असे, पण बहुतेक बाहेरच्यांकडून. ‘घरबसल्या लिफाफे लिहून कमवा, माहितीसाठी एक डॉलर पाठवा’, अशा ओळींखाली दूरच्या शहरातला पोस्ट-बॉक्स असायचा. गावातल्या गावात फसवणं अवघड, कारण चौदा नंबरच्या तारेवर दहा साक्षीदार बसलेले. गावातली भांडणं मात्र जाहिरातीत येत. ‘शनिवारी सभागृहातून ज्याने कोट नेला त्याला पाहिलं आहे, परत ठेवल्यास विचारपूस होणार नाही.’ किंवा तुमच्या कामाची: ‘आजपासून माझ्याखेरीज इतर कोणी केलेल्या कर्जाला मी जबाबदार नाही’, खाली नवऱ्याचं नाव. कायदेशीर वजन किती ते तुम्ही सांगा. पण दुकानदारांनी बायकोला उधार द्यायचं थांबवावं, एवढं काम ती ओळ करत असावी. बायकोच्या बाजूची ओळ मला एकदाच दिसली, पुढच्या आठवड्यात, तीनच शब्दांची: ‘कर्ज त्याचंच होतं.’ रोख भरलेली.

गैरसमजांचं विचाराल तर एक आमच्याच घरचा आहे. १९८३ मध्ये मी मुलीचा कठड्याचा लाकडी पलंग विकायला काढला. इथे त्याला क्रिब म्हणतात. जाहिरात दिली: ‘क्रिब. चांगल्या स्थितीत. २५ डॉलर.’ शनिवारी सकाळी एक शेतकरी दोन तरण्या मुलांना आणि लांबलचक ट्रेलर घेऊन दारात. मक्याची कणसं वाळत ठेवायची जी फटीफटींची कोठी असते, तिलाही क्रिबच म्हणतात. आमच्या गावातला एकही माणूस चुकला नाही, कारण आम्ही भाड्याच्या घरात राहतो, माझा नवरा कारखान्यात नकाशे काढतो आणि आम्हाला दोन वर्षांची मुलगी आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. हा शेजारच्या काउंटीतला. पलंग बघून तो बराच वेळ हसला, मग पंचवीस डॉलर देऊन तो घेतला, आणि पोरांनी तेवढ्याशा वस्तूला त्या ट्रेलरवर साखळ्यांनी आवळून नेलं.

जाहिरातींच्या रकान्यात ‘आभार’ का छापत? ती काय विकायची गोष्ट आहे?
— निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी

बाई, याला ‘कार्ड ऑफ थँक्स’ म्हणतात आणि त्याचेही पैसे पडत. घरात मृत्यू, आजारपण, आग काही झालं, की ज्यांनी जेवण आणलं, गुरांची धार काढली, फुलं पाठवली, त्यांचे एकगठ्ठा आभार. वापरलेला मॅन्युअर-स्प्रेडर, म्हणजे शेणखत पसरायचा गाडा, आणि त्याखाली कोणाच्या आईचं जाणं. सुरुवातीला मलाही ते अंगावर आलं होतं.

मग १९८० च्या फेब्रुवारीत नवरा बर्फावरून घसरला आणि पाय मोडला. आम्हाला येऊन सहा महिने झालेले, ओळखी चार. रोज सकाळी दारातला बर्फ कोणीतरी उपसलेला असे. झाकलेल्या बशा येत, प्रत्येकीच्या बुडाला चिकटपट्टीवर घरमालकिणीचं नाव, परत करता यावी म्हणून. अर्ध्यांत गोमांस होतं, ते खाणाऱ्या शेजाऱ्याला मी गुपचूप दिलं. नवरा चालायला लागल्यावर शेजारीण म्हणाली, आता कार्ड द्या. मी कार्यालयात जाऊन चार ओळी लिहून दिल्या.

तुमचं पत्र आल्यावर मी तो १९८० चा गठ्ठा मुद्दाम काढला. सापडल्या त्या चार ओळी, आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं, आणि शेवटी बारीक टाइपात ‘१२-१टीसी’. म्हणजे उधार. ते पैसे मी नंतर भरले होते का, ते आता काही केल्या आठवत नाही.