फोक्सवॅगन नेमकी कुणाची?

तुमचे प्रश्न दोन आहेत. फोक्सवॅगन हिटलरने काढली असेल, तर १९४५ नंतर ती वाचली कशी? आणि २०२४ मध्ये जर्मनीतले कारखाने बंद करायची भाषा कंपनीने केली, तेव्हा एक राज्य सरकार आणि युनियन मिळून तिला अडवू कसे शकले? दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. युद्ध संपलं तेव्हा या कारखान्याला मालकच उरला नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचा सगळा इतिहास आपोआप जुळत जातो.

मी भोसरीत बावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली आहेत, डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) आणि फिक्स्चरच्या कामात. त्यामुळे कुठल्याही गाडीचा इतिहास वाचताना माझं लक्ष आधी पत्रा कुठे दाबला आणि पैसे कुणी दिले इकडे जातं. फोक्सवॅगनच्या बाबतीत हे दोन्ही प्रश्न फार महत्त्वाचे आहेत.

आधी गाडीचं बोलू. स्वस्त, छोटी, मागे इंजिन असलेली गाडी ही कल्पना हिटलरची नव्हती आणि एकट्या फर्डिनांड पॉर्शचीही नव्हती. पॉर्शने १९३१ मध्ये श्टुटगार्टला स्वतःचं डिझाइन ऑफिस थाटलं आणि त्सुंडाप, मग एनएसयू या मोटरसायकल कंपन्यांसाठी अशा गाड्यांचे नमुने बनवले. चेकोस्लोव्हाकियात टाट्राचे हान्स लेडविंका मागे एअर-कूल्ड इंजिन बसवून गाड्या बनवत होते. टाट्राने पेटंटवरून फोक्सवॅगनवर दावा लावला होता आणि त्याची तडजोड साठच्या दशकात झाली. योझेफ गांत्स या ज्यू इंजिनिअर-पत्रकाराच्या डिझाइनवरून बनलेली 'स्टँडर्ड सुपेरिअर' १९३३ च्या बर्लिन मोटर शोमध्ये उभी होती. जाहिरातीत तिला चक्क 'फोक्सवॅगन' म्हटलं होतं. त्याच वर्षी गांत्सला गेस्टापोने अटक केली, पुढे त्याला देश सोडावा लागला आणि १९६७ मध्ये तो ऑस्ट्रेलियात वारला. पॉर्शच्या कंपनीचा एक संस्थापक आडोल्फ रोझेनबर्गर, तोही ज्यू. १९३५ मध्ये तो बाहेर पडला. बीटल, म्हणजे फोक्सवॅगनची पहिली गाडी, तिचा इतिहास सांगताना ही दोन नावं गाळणं मला पटत नाही.

पॉर्शला हे काम सरकारच्या पुढाकाराने जर्मन मोटार उत्पादकांच्या संघटनेकडून मिळालं जून १९३४ मध्ये. अट होती किंमत ९९० राइखमार्कच्या आत बसवायची. त्या काळात ओपेलची सर्वांत स्वस्त पी-४ गाडी १,४५० मार्कांना होती, आणि ओपेलकडे मोठी तयार लाइन होती. म्हणजे ९९० हा आकडा कारखान्याच्या हिशोबातून निघालेला नव्हता, तो भाषणातून आला होता. खाजगी कंपन्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्या मागे सरकल्या. मग काम 'जर्मन लेबर फ्रंट' या नाझींच्या कामगार संघटनेकडे गेलं.

इथे थांबायला हवं, कारण सगळी मेख इथे आहे. १९३३ मध्ये नाझींनी स्वतंत्र कामगार संघटना मोडून काढल्या, त्यांच्या इमारती, बँका, फंड जप्त केले आणि ते या लेबर फ्रंटच्या ताब्यात दिले. त्याच मालमत्तेच्या विक्रीतून कारखान्याला पैसा मिळाला. २८ मे १९३७ ला बर्लिनमध्ये कंपनी स्थापन झाली, २६ मे १९३८ ला फालर्सलेबेन गावाजवळ कालव्याच्या काठी पायाभरणी झाली. थोडक्यात, कारखाना कामगार संघटनांच्या लुटलेल्या पैशावर उभा राहिला.

लोक बरेचदा म्हणतात की तो सामान्य माणसाच्या बचतीतून उभा राहिला. तसं झालं नाही. बचत योजना होती हे खरं. आठवड्याला किमान ५ मार्कांचं तिकीट घ्यायचं, वहीत चिकटवायचं, आणि वही भरली की गाडी. ५ मार्कांनी ९९० भरायला जवळजवळ चार वर्षं लागतात आणि त्या पैशावर व्याजही नव्हतं. तरी सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी वह्या काढल्या. त्यांचा पैसा बर्लिनच्या बँकेत पडून राहिला आणि शेवटी सोव्हिएत फौजांच्या हाती लागला. गाडी एकालाही मिळाली नाही. युद्ध संपेपर्यंत बीटलसारख्या नागरी गाड्या बनल्या त्या अवघ्या ६३०, आणि त्या पक्षातल्या बड्या मंडळींकडे गेल्या. बचतदारांनी नंतर कोर्टात वर्षानुवर्षं झगडून १९६१ मध्ये तडजोड मिळवली: नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्क सूट, किंवा १०० मार्क रोख.

युद्धात कारखान्याने क्यूबेलवागन या जीपसारख्या लष्करी गाड्या बनवल्या, पाण्यात तरंगणाऱ्या श्विमवागन बनवल्या, व्ही-१ उडत्या बॉम्बचे भाग बनवले. हे काम केलं कुणी? पोलंड, सोव्हिएत युनियन, फ्रान्स, इटली इथून आणलेले मजूर, युद्धकैदी, छळछावणीतले कैदी. सगळी वर्षं मिळून सुमारे वीस हजार माणसांना तिथे सक्तीने राबवलं गेलं. कारखान्याचा कारभार बघत होता पॉर्शचा जावई आंटोन पीएक. मजूर बायकांची तान्ही बाळं काढून घेऊन ज्या 'बालगृहात' ठेवली जात, त्यांतलं एक र्‍यूएन गावी होतं. दुर्लक्षाने आणि आजाराने तीनशेहून अधिक बाळं दगावली. जबाबदार डॉक्टर हान्स क्योर्बेल याला ब्रिटिश लष्करी कोर्टाने फाशीची शिक्षा दिली, १९४७ मध्ये ती अमलात आली. 'गोंडस भुंगा' म्हणून बीटलचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने हा परिच्छेद एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा पहिला प्रश्न. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य आलं, जूनमध्ये ताबा ब्रिटिशांकडे गेला. मे महिन्यात कारखान्याजवळच्या वस्तीचं नाव जवळच्या जुन्या गढीवरून वोल्फ्सबुर्ग ठेवलं गेलं होतं. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत छपरं उडाली, शेड मोडल्या, पण बरीच यंत्रं त्याआधीच आसपास हलवून ठेवली होती, म्हणून बहुतेक यंत्रसामग्री शाबूत राहिली. आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. भिंत महिन्या-दोन महिन्यांत बांधता येते. बॉडीच्या डायचा संच आणि मोठी प्रेस गेली, की दोन-तीन वर्षं गेली.

ऑगस्ट १९४५ मध्ये तिथे मेजर आयव्हन हर्स्ट आला. वय २९, ब्रिटिश लष्कराच्या इलेक्ट्रिकल-मेकॅनिकल इंजिनिअर दलाचा अधिकारी. कारखाना नुकसानभरपाई म्हणून मोडून न्यायच्या यादीत होता. हर्स्टने तिथे सापडलेली एक जुनी बीटल लष्करी हिरव्या रंगात रंगवून वरिष्ठांकडे पाठवली. ब्रिटिश फौजेला गाड्यांची टंचाई होती. लगेच २०,००० गाड्यांची ऑर्डर आली, आणि लष्कराची ऑर्डर चालू असलेला कारखाना कोण मोडणार? २७ डिसेंबरला उत्पादन सुरू झालं. वर्षअखेरपर्यंत ५५ गाड्या. मार्च १९४६ पासून महिन्याला हजार. ऑक्टोबर १९४६ मध्ये दहा हजारावी गाडी बाहेर पडली. १९४६-४७ च्या हिवाळ्यात कोळसा आणि पत्रा दोन्ही संपलं आणि कारखाना काही महिने बंद ठेवावा लागला, तरी तो पुन्हा सुरू झाला.

हर्स्टचं मला सगळ्यांत मोठं वाटतं ते काम वेगळंच आहे. त्याने गाड्यांची तपासणी कडक केली आणि निर्यातीची स्वप्नं बघण्याआधी सर्व्हिस आणि स्पेअर पार्टची व्यवस्था लावली. पुढे जगभर बीटलचं नाव झालं ते वाटेत न थांबणारी आणि थांबलीच तर पार्ट मिळणारी गाडी म्हणून. त्याचा पाया या भुकेल्या, गारठलेल्या दोन-तीन वर्षांत घातला गेला. आणखी एक: नोव्हेंबर १९४५ मध्येच, ब्रिटिशांच्या देखरेखीखाली, कामगारांनी मतदान करून आपलं कामगार मंडळ निवडलं. म्हणजे कारखान्यात गाड्यांचं उत्पादन रुळावर यायच्या आधी कामगारांचा निवडून आलेला आवाज होता.

मग ब्रिटिश कंपन्यांनी हा कारखाना उचलून का नेला नाही? त्यांच्या तज्ज्ञांनी गाडी पाहिली आणि तिच्यात भविष्य नाही असं ठरवलं. फोर्डशीही बोलणी झाली, निष्पन्न काही झालं नाही. मला त्यांना मूर्ख म्हणवत नाही. मोडका कारखाना, सोव्हिएत हद्द अगदी जवळ, मालकी कुणाची याचा पत्ता नाही. त्या परिस्थितीत कुणीही दहा वेळा विचार केला असता.

जानेवारी १९४८ मध्ये ओपेलमधून आलेले हाइनरिश नोर्डहोफ प्रमुख झाले आणि ते १९६८ पर्यंत, मरेपर्यंत राहिले. त्यांच्या काळाबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, म्हणून भरभर जातो. नेदरलँड्सचे वितरक बेन पोन यांनी १९४७ मध्ये वहीत काढलेल्या एका रेखाटनातून १९५० ची ट्रान्सपोर्टर व्हॅन आली. दहा लाखावी बीटल ऑगस्ट १९५५ मध्ये. १९५९ पासून अमेरिकेत, बिल बर्नबाक या ज्यू माणसाच्या जाहिरात कंपनीने तिला घराघरात नेलं. फेब्रुवारी १९७२ मध्ये तिने फोर्ड मॉडेल-टीचा दीड कोटींचा विक्रम मोडला. पण एकाच गाडीवर विसंबल्याची किंमतही मोजावी लागली. १९७४ मध्ये कंपनीला ८० कोटी मार्कांहून जास्त तोटा झाला. ती सावरली ती पुढच्या बाजूला, पाण्याने थंड होणारं इंजिन असलेल्या गाड्यांमुळे, म्हणजे पासाट आणि १९७४ ची गोल्फ. ते तंत्र आलं मुख्यतः आउडीकडून, जी तिने साठच्या दशकात डायमलर-बेंझकडून घेतली होती. शेवटची जुनी बीटल ३० जुलै २००३ ला मेक्सिकोत पुएब्लाला बनली. एकूण २ कोटी १५ लाखांवर.

आता दुसरा प्रश्न, मालकीचा. ब्रिटिश १९४९ मध्ये निघाले तेव्हा त्यांनी कारखाना जर्मन केंद्र सरकारच्या विश्वस्तपणाखाली ठेवला आणि कारभार लोअर सॅक्सनीकडे, म्हणजे कारखाना ज्या राज्यात आहे त्या राज्याकडे, दिला. मालकीचं कोडं तसंच राहिलं. लेबर फ्रंट बरखास्त झालेला. केंद्र म्हणे आमचं, राज्य म्हणे आमचं, आणि संघटना म्हणत की आमच्याच जप्त पैशातून हे उभं आहे. हा वाद दहा वर्षं चालला. १९६० मध्ये तोडगा निघाला: ६० टक्के शेअर सामान्य लोकांना विकायचे, २० टक्के केंद्राकडे, २० टक्के राज्याकडे. विक्रीच्या पैशातून विज्ञान-संशोधनासाठी फोक्सवॅगन फाउंडेशन उभं राहिलं. आणि 'फोक्सवॅगन कायदा' आला. महत्त्वाच्या ठरावांना ८० टक्क्यांहून जास्त मतं हवीत, म्हणजे २० टक्केवाल्या राज्याला नकाराधिकार. नवा कारखाना उभारायचा किंवा असलेला हलवायचा, तर पर्यवेक्षक मंडळात (व्यवस्थापनावर देखरेख करणाऱ्या मंडळात) दोन तृतीयांश बहुमत हवं. त्या मंडळात निम्मे लोक कामगारांचे असतात. आता हिशोब तुम्हीच करा.

केंद्राने आपला वाटा १९८८ मध्ये विकला, राज्याने राखला. युरोपीय न्यायालयाने २००७ मध्ये कायद्यातली काही कलमं बेकायदा ठरवली, पण सुधारून घेतलेला कायदा, २० टक्क्यांच्या नकाराधिकारासकट, २०१३ मध्ये टिकला. दरम्यान पॉर्श कंपनीने २००८ मध्ये फोक्सवॅगनचा पूर्ण ताबा घ्यायचा प्रयत्न केला. तो हा कायदा आणि कर्ज यांत अडकला, आणि शेवटी पॉर्शचा गाड्यांचा धंदाच फोक्सवॅगनमध्ये आला. आज पॉर्श-पीएक घराण्याच्या होल्डिंग कंपनीकडे मतांचा ५३ टक्के हिस्सा आहे, राज्याकडे २० टक्के, कतारकडे १७ टक्के. निम्म्याहून जास्त मतं हातात असूनही घराणं एकट्याने कारखाना बंद करू शकत नाही.

२०२४ मध्ये हेच झालं. सप्टेंबरमध्ये व्यवस्थापनाने कारखाने बंद करण्याची शक्यता बोलून दाखवली, डिसेंबरमध्ये संप झाले, आणि नाताळच्या तोंडावर करार झाला: कारखाने लगेच बंद नाहीत, २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करायच्या, पण सक्तीने कुणाला काढायचं नाही. राज्य आणि कामगारांच्या या अधिकारामुळे कंपनी सुस्त झाली असं म्हणणारे बरेच आहेत, आणि निर्णय लांबतात हे खरं आहे. तरी २०१५ च्या डिझेल घोटाळ्याचं खापर कामगार मंडळावर फोडणारे लेख मला पटत नाहीत. १ कोटी १० लाख गाड्यांत प्रदूषणाची तपासणी ओळखणारं सॉफ्टवेअर बसवायचा निर्णय असेंब्ली लाइनवर झालेला नव्हता.

आपल्याकडचा धागाही सांगतो. समूहातली स्कोडा २००१ पासून औरंगाबादजवळ शेंद्र्याला गाड्या बनवते आहे, आणि फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला. तिथून व्हेंटो ही गाडी थेट मेक्सिकोला निर्यात झाली, जिथे शेवटची बीटल बनली होती. फोक्सवॅगन कायदा मात्र चाकणला लागू होत नाही, तो जर्मन कंपनीच्या मंडळापुरता आहे. 

वोल्फ्सबुर्गला कधी जाणं झालं तर आउटोश्टाट या कंपनीच्या प्रदर्शन-संकुलातल्या जुन्या गाड्या बघाच. पण त्याबरोबर कारखान्याच्या आवारात, युद्धकाळच्या एका बंकरमध्ये, सक्तीने राबवलेल्या मजुरांचं स्मारक आहे. कंपनीने स्वतः इतिहासकार हान्स मोमझेन यांच्याकडून आपल्या नाझी काळाचा अभ्यास करून घेतला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९९९ मध्ये हे स्मारक उघडलं. आधी चौकशी करून वेळ ठरवा आणि अर्धा दिवस त्यासाठी ठेवा.