पांढरे पडलेले समुद्रफूल आणि नाशिकचा उन्हाळा

आपली खाऱ्या पाण्यातील माशांची टाकी 3 महिन्यांपूर्वी सुरू झालेली आहे, त्यात 8 दिवसांपूर्वी आणलेले बबल टिप अ‍ॅनिमोन (समुद्रफुलाची एक जात) दुधासारखे पांढरे आहे, ते रोज रात्री जागा बदलते, आणि त्याला ताकद यावी म्हणून रोज कोळंबी भरवावी का, असे आपण विचारले आहे. रोज भरवू नका. आणि ते जिथे बसेल तिथून हाताने हलवूही नका.

दुकानात सुंदर दिसलेला तो पांढरा रंग हे आजारपण आहे. या समुद्रफुलाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशात तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देते. बदामी किंवा हिरवट छटा येते ती प्रामुख्याने त्या शैवालामुळे. प्रवासातील ताण, अंधार किंवा गरम पाणी यांमुळे शैवाल निघून गेले की जीव उपाशी पडतो. स्कॉटलंडमध्ये 1828 साली किनाऱ्यावरून उचललेले एक समुद्रफूल काचेच्या बरणीत 1887 पर्यंत जगले, हे उदाहरण अनेक जण देतात. पण ते शैवाल न बाळगणाऱ्या जातीचे होते, त्यामुळे बरणीचा तो हिशेब आपल्या टाकीला लावता येत नाही.

अशक्त जिवावर एकदम पूर्ण प्रकाश सोडणेही घातक ठरते. दिव्याची तीव्रता सध्या निम्मी ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. कच्च्या, मीठ-मसाला न लावलेल्या कोळंबीचा वाटाण्याच्या निम्म्याएवढा तुकडा दर तिसऱ्या दिवशी पुरे. मोठा तुकडा बहुधा रात्रीतून बाहेर टाकला जातो आणि पाणी नासवतो.

भटकण्याचा अर्थ एवढाच की त्याला जागा मानवलेली नाही. या जातीला पाय, म्हणजे तळाचा चिकटणारा भाग, खडकाच्या खोल फटीत आणि तोंड उजेडात हवे असते. तशी फट असलेला दगड मिळाला की ते बहुधा स्वतःच स्थिरावते. ओढून काढल्यास पाय फाटतो, आणि अशक्त जिवाला ती जखम घातक ठरू शकते. वेव्हमेकरला (टाकीत पाणी खेळवणाऱ्या पंख्याच्या पंपाला) जाळी किंवा स्पंज आजच बसवा. मी ते टाळले होते आणि एका लग्नाहून परतलो तेव्हा पंख्यात अडकून चिंधड्या झालेल्या अ‍ॅनिमोनमुळे टाकीतील जवळजवळ सगळे मासे मेलेले होते. समुद्रफुलात वस्ती करणारी क्लाउनफिश ही मासळी मात्र सध्या आणू नका. समुद्रफुलाला तिच्यावाचून काही अडत नाही, उलट तिची सततची घुसळण अशक्त जिवाला त्रास देते.

आता आपल्या गावचा खरा प्रश्न. पाणी 24 ते 27 अंशांत आणि विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचे माप) 1.025 च्या आसपास हवे, पण एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा 40 च्या घरात जातो. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा लावा. आपली हवा त्या दिवसांत कोरडी असल्याने तो उपाय मुंबईपेक्षा इथे अधिक लागू पडतो. किंमत मात्र बाष्पीभवनाची असते: पाणी उडते, मीठ मागे राहते आणि खारेपणा चढत जातो. म्हणून रोज घट भरून काढताना खारे पाणी नव्हे, तर आरओ-डीआयचे (क्षार काढून शुद्ध केलेले) गोडे पाणीच घाला. गंगापूर धरणाचे नळाचे पाणी आपल्याला पिण्यास चांगले असले तरी त्यातील क्लोरीन आणि क्षार या टाकीला चालत नाहीत. हिवाळ्यात पारा 10 अंशांखाली उतरतो तेव्हा हीटर लागतो, आणि वीज गेल्यावर निदान पाण्याची हालचाल करणारा पंप इन्व्हर्टरवर असावा.

खरे तर 3 महिन्यांच्या टाकीत अ‍ॅनिमोन आणणे घाईचे झाले. 6 महिने ते वर्षभर चाललेल्या टाकीत पाणी स्थिर असते. आता आणलेच आहे, तर खारेपणा रिफ्रॅक्टोमीटरने रोज तपासा आणि टाकीत तांबेयुक्त औषध कदापि टाकू नका. दिवसातून एखाद वेळा ते आक्रसून तपकिरी चिकट घाण बाहेर टाकेल, त्याने घाबरू नये. परंतु तोंड सतत सैल उघडे राहिले, पाय कशालाच धरेनासा झाला आणि अंगाचे तुकडे सुटून दुर्गंधी येऊ लागली, तर हातमोजे घालून ते त्याच क्षणी बाहेर काढा आणि लगेच निम्मे पाणी बदला.